शेरा

पहिली नोंद तांबड्या शाईतली. सन एकोणीसशे बावीस.
सागवानी कपाट एक, काचेचं. पुस्तकं त्र्याण्णव.
किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला.
नारायण पेठेतल्या आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे एवढंच.

पोरं काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठी वाचायची.
मंगळवार पेठेतला विठू खंकाळ, व्हरांड्यात बसवलेला,
त्र्याण्णव नावं म्हणे पाढ्यासारखी घडाघडा म्हणायचा.
आत काय आहे ते त्याला कुणी दाखवलं नाही.
हे मला जुन्या शिपायाच्या नातवानं सांगितलं.
नोंदवहीत विठू नाही.

मग पत्र्याची पेटी आली. शुक्रवारी, शेवटच्या तासाला
दोघं कड्या धरून ती वर्गावर्गांतून न्यायचे.
हाताला येईल ते पुस्तक, आठवडाभर, खाकी कव्हर घालून.
कुणाला प्रवासवर्णन हवं असायचं, मिळायचं शेतीचं खत.
तरी वाचायचे.

अठ्ठावन्न साली एस्तर चेऊलकर,
रास्ता पेठेतून सायकलवर येणाऱ्या.
पहिल्याच महिन्यात त्यांनी अर्ज केला:
कपाटाची किल्ली गहाळ झाली आहे,
सबब कपाट यापुढे उघडेच राहील.
(ती किल्ली मला सापडली.
त्यांच्याच खणात, सुईदोऱ्याच्या डबीत.)

मग बारा जुलै एकसष्ट.
त्यानंतरची तेवीस पानं ‘शेरा’ या रकान्यात
एकच शब्द, आणि खाली नुसत्या खुणा:
वाहून गेले. ” ” ”
मध्येच कुठे ‘गाळासह मिळाले’.
कुठे ‘गच्चीवर वाळवले, वास जात नाही’.
आणि दाखल क्रमांक अकराशे सत्तेचाळीसपुढे,
त्याच बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात:
‘पाने ४१ ते ४८ नाहीत. विचारल्यास तोंडी सांगणे.’

मी अर्धवेळ. अकरा ते अडीच.
ग्रंथालयाच्या खोलीत आधी संगणक आले,
मग ते संगणक जुने झाले,
आता तिथे संगणकांची खोकी आहेत,
आणि पुस्तकं जिन्याखाली, जिथे मला वाकूनच उभं राहावं लागतं.
वर वर्ग सुटला की डोक्यावरून साठ चपला धडधडत जातात.

यंदा परिपत्रक आलं: फाटकी, अपुरी, जीर्ण पुस्तकं
यादी करून निर्लेखित करावीत.
निर्लेखन. केवढा स्वच्छ शब्द.
अपुरी या सदरात मी अकराशे सत्तेचाळीस लिहिलं,
आणि रद्दीवाल्याचा भाव विचारून ठेवला.

सोमवारी सहावी ‘ब’मधली अलफिया तांबोळी आली.
तिनं ते गठ्ठ्यातूनच ओढून नेलं होतं, न विचारता.
‘‘मॅडम, चाळीसाव्या पानावर घोडा धडधाकट आहे.
एकोणपन्नासाव्यावर लंगडतो. मध्ये काय झालं?’’

मला काय माहीत.
मी म्हटलं, खिंड होती. रात्र होती.
दरड कोसळली, स्वार वाचला,
घोड्यानं मात्र पाय पुढे केला होता.
सांगता सांगता मलाच ते पटायला लागलं,
दगडांचा आवाजसुद्धा काढला.
ती ऐकून घेत होती, वडीलधाऱ्यांचं ऐकतात तसं.

‘‘अब्बू म्हणतात बाभळीचा काटा होता.
ते इथेच होते ना शाळेत. त्यांना चेऊलकर बाईंनी सांगितलं.
आणि माझ्या मोठ्या चुलत्यांना सांगितलं तेव्हा
नाल चुकीची ठोकली होती.’’

म्हणजे बाईंनाही माहीत नव्हतं.
तीस वर्षं जिन्याखाली नव्हे, चांगल्या खोलीत, खुर्चीवर बसून
त्या थापा मारत होत्या,
प्रत्येकाला वेगळी.

यादीतून एक ओळ खोडली. बेरीज चुकली.
लेखनिक कुलकर्णी विचारतील, तेव्हा सांगेन,
ते बाहेर गेलंय, वाचायला.

अलफिया दप्तर खांद्याला लावून निघाली,
दोन पायऱ्या चढून परत वाकली.
‘‘आणि कुत्रा?
चाळीसाव्यावर त्याच्याबरोबर कुत्रा होता.’’

मला कुत्रा आठवेना.
तिच्या हातातून पुस्तक मागून घेतलं, दिव्याखाली धरलं.
पानांना अजून नदीचा वास होता.
अडीच कधीच वाजून गेले होते.